सिम्युलेशन पास, बोर्ड लहरी: आइस४०वर 'कधी चालतं, कधी नाही' याचं निदान

आइस४० ही एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपण व्हेरिलॉग या भाषेत लिहून ठरवतो अशी चिप. सिम्युलेशन स्वच्छ. कोडाचं सर्किट बनवणाऱ्या (सिंथेसिस करणाऱ्या) योसिसने एरर दिला नाही, ते चिपवर मांडून जोडणाऱ्या नेक्स्टपीएनआरने टायमिंगला पास म्हटलं, ते बोर्डावर चढवणाऱ्या आइसप्रोगने शेवटी 'सीडन: हाय' (कॉन्फिगरेशन पूर्ण) छापलं. तरी बोर्ड दहापैकी आठ वेळा चालतो आणि दोनदा मख्ख बसतो. नागपुरात एप्रिल लागला की याचं खापर उन्हावर फुटतं. नवतप्यात तर दुसरं कारण कुणी शोधतच नाही. पण आइस४०चा साधा कमर्शियल भाग आतल्या जंक्शनला (सिलिकॉनला) ८५ अंशांपर्यंत चालावा असाच बनवलेला आहे. बाहेर ४५ अंश असले तरी १२ मेगाहर्ट्झवर चालणारी ही छोटी चिप तिथवर तापत नाही. बोट लावून पाहा, कोमटसुद्धा लागणार नाही.

अशा दोषात 'का' विचारायच्या आधी 'केव्हा' विचारावं. पॉवर दिल्यावरच अडतं? बटण दाबल्यावर? शेजारचा कूलर लावल्यावर? कोडमध्ये भलतीकडे एक ओळ बदलली की? की तासभर चालून मग? या पाच प्रश्नांची उत्तरं पाच वेगळ्या ठिकाणी नेतात. खालचे आकडे आइसस्टिक (चिप एचएक्स१के, पॅकेज टीक्यू१४४) आणि आइसब्रेकर (चिप यूपी५के, पॅकेज एसजी४८) या दोन बोर्डांसाठी आहेत. दोन्हींवर १२ मेगाहर्ट्झचं ऑसिलेटर आहे.

आधी घर झाडून घ्या

योसिस लिनक्सच्या रिपॉझिटरीतून, नेक्स्टपीएनआर स्वतः कंपाइल केलेला आणि आइसस्टॉर्म (आइसपॅक, आइसप्रोग ही टूल्स) तिसरीकडून, अशी खिचडी असेल तर ती सोडा. ओएसएस कॅड सूटचा एकच गठ्ठा उतरवा, सगळी टूल्स त्यातलीच वापरा आणि त्या गठ्ठ्याची तारीख प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवा.

मग योसिसचा लॉग खरोखर वाचा. स्क्रीनवरून पळतो म्हणून बहुतेक जण सोडून देतात. शेवटी वॉर्निंग्ज किती हे छापलेलं असतं. आकडा शून्य नसेल तर वर जाऊन प्रत्येक वॉर्निंग बघा. 'इम्प्लिसिटली डिक्लेअर्ड' दिसलं तर नाव लिहिताना चूक झाली आहे. योसिसने त्या चुकीच्या नावाची एक बिटाची वायर गुपचूप तयार केली आणि तुमची आठ बिटांची बस (वायरींचा गट) एका बिटावर आली. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत 'डिफॉल्ट नेटटाइप नन' टाकलं की हीच चूक एरर होऊन समोर येते. 'लॅच इन्फर्ड' दिसलं तर तिथेच थांबा. आइस४०मध्ये लॅच (क्लॉकशिवायच किंमत धरून ठेवणारा घटक) नावाची वस्तूच नाही. योसिस ते लुकअप टेबल (लॉजिकचा छोटा तक्ता) स्वतःवरच वळवून बनवतो, आणि मग नेक्स्टपीएनआर कॉम्बिनेशनल (क्लॉकशिवायच्या) लूपची कुरकुर करतो. एखाद्या 'इफ'ला 'एल्स' राहिलेला असतो किंवा 'केस'मध्ये एखादा सिग्नल एका फांदीत नेमलेला नसतो. बस, एवढंच कारण.

तिसरी गोष्ट जवळपास कुणीच करत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ तीच वाचवते: सिंथेसिसनंतरचं सिम्युलेशन. योसिसकडून तयार झालेली नेटलिस्ट (सर्किटचे भाग आणि त्यांच्या जोडण्यांची यादी) व्हेरिलॉग म्हणून बाहेर काढा, योसिसच्या शेअर फोल्डरमधली आइस४०ची 'सेल्स सिम' फाइल तिला जोडा आणि तुमचाच जुना टेस्टबेंच (तपासणीचा कोड) इकारस व्हेरिलॉग या सिम्युलेटरवर त्या नेटलिस्टवर चालवा. इथे निकाल बिघडला तर बोर्डाला हात लावायची गरज नाही, दोष कोडात आहे. बहुतेकदा 'ऑलवेज'च्या कंसातली सिग्नलची यादी अपुरी असते. इकारस ती यादी प्रामाणिकपणे पाळतो. योसिस कॉम्बिनेशनल ब्लॉकसाठी ती विचारातच घेत नाही. त्यामुळे एकच ओळ दोघांच्या लेखी दोन वेगळी सर्किट्स होते. यादीऐवजी तारांकन लिहा. कोडातले 'हॅश १०' सारखे डिलेही योसिस सोडून देतो, त्यांच्या भरवशावर काही बांधलं असेल तर ते बोर्डावर नसतंच.

नेटलिस्टचं सिम्युलेशनही पास झालं तर पुढे वाचा.

पॉवर दिल्यावरच अडतं

केबल काढून पुन्हा लावली की अडतं, आणि नंतर रीसेट बटण दाबलं की चालू होतं. ही खूण ब्लॉक रॅमची, म्हणजे चिपच्या आतल्या मेमरीची आहे. आइस४०मध्ये कॉन्फिगरेशन संपून डिझाइन धावायला लागल्यावर पहिले काही मायक्रोसेकंद ब्लॉक रॅममधून शून्यच वाचलं जातं, आत हेक्स फाइल नीट भरलेली असली तरी. छोटा प्रोसेसर तिथून पहिली इन्स्ट्रक्शन उचलत असेल तर शून्य उचलतो आणि भरकटतो. सिम्युलेशनला हे ठाऊक नसतं.

इलाज सहा बिटांच्या काउंटरचा. तो शून्यापासून सुरू होऊन सगळे बिट एक होईपर्यंत मोजतो आणि तिथेच थांबतो. तोवर बाकी डिझाइन रीसेटमध्ये. १२ मेगाहर्ट्झवर ६३ क्लॉक म्हणजे सुमारे ५.२५ मायक्रोसेकंद, पुरेसे आहेत. हाच काउंटर जसाच्या तसा उचलून ४८ मेगाहर्ट्झच्या डिझाइनमध्ये टाकला की त्याचे १.३ मायक्रोसेकंद होतात आणि जुनं दुखणं परत येतं. तिथे आठ बिट घ्या: २५५ क्लॉक, ५.३ मायक्रोसेकंद. पीएलएल (क्लॉकचा वेग बदलणारा भाग) असेल तर त्याचा लॉक सिग्नल शून्य असेपर्यंत काउंटर शून्यावरच धरून ठेवा. लॉकही क्लॉकशी जुळलेला नसतो, म्हणून त्यालाही दोन फ्लॉपमधून आणा (फ्लॉप म्हणजे क्लॉकच्या कडेला एक बिट पकडून ठेवणारा घटक).

याच गटातला दुसरा, जास्त फसवा प्रकार यूआर्टचा, म्हणजे सीरियल लाइनचा. बोर्ड लावला की पहिला बाइट कचरा येतो, पुढचे सगळे बरोबर. कारण जवळून बघण्यासारखं आहे. यूआर्टची लाइन मोकळी असताना एकवर असते. ती आत घेताना तुम्ही शहाणपणाने दोन फ्लॉपचा सिंक्रोनायझर (बाहेरचा सिग्नल आपल्या क्लॉकशी जुळवून घेणारी जोडी) लावला. पण आइस४०चे सगळे फ्लॉप जागे होतात ते शून्यावर. म्हणजे पहिले दोन क्लॉक सिंक्रोनायझर बाहेर शून्य देतो, आणि रिसीव्हरला तोच स्टार्ट बिट वाटतो. दोन्ही फ्लॉपना सुरुवातीची किंमत एक द्या. योसिस त्यासाठी फ्लॉपच्या दोन्ही बाजूंना उलटापालट करून हवं तसं वागवतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. शिवाय स्टार्ट बिट दिसला की लगेच विश्वास ठेवू नका. ११५२०० बॉडला एक बिट १०४ क्लॉकचा होतो (चूक फक्त ०.१६ टक्के). ५२व्या क्लॉकला पुन्हा बघा. लाइन एकवर परतली असेल तर तो स्टार्ट बिट नव्हताच.

तिसरा प्रकार फ्लॅशचा. डिझाइन स्वतःच एसपीआय फ्लॅशमधून (बोर्डावरच्या मेमरी चिपमधून) डेटा वाचतं आणि सगळे बाइट एफएफ येतात. आइसपॅक बिटस्ट्रीमच्या (चिपमध्ये भरायच्या फाइलच्या) शेवटी फ्लॅशला गाढ झोपेत पाठवणारी कमांड घालतो. वाचायच्या आधी तिला एबी ही कमांड देऊन उठवा, चिपच्या डेटाशीटमध्ये दिलेला वेळ थांबा, मगच वाचा. किंवा आइसपॅकला 'एस' पर्याय देऊन ती झोपेची कमांडच काढून टाका. पहिला मार्ग चांगला. दुसऱ्यात कुणी मेकफाइल (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) बदलली की चूक पुन्हा उगवते.

मेकफाइलवरून आठवलं, हेक्स फाइल बदलूनही बोर्ड जुनाच प्रोग्राम चालवत असेल तर ती फाइल मेकच्या डिपेन्डन्सीत लिहिलेली नाही. मेकला काही बदललेलं दिसत नाही, तो जुनीच बिन फाइल परत चढवतो. पिनांच्या पीसीएफ फाइलचंही तेच.

बटण किंवा सेन्सर आला की अडतं

बाहेरून येणारा प्रत्येक सिग्नल तुमच्या क्लॉकला विचारून येत नाही. बटणाची वायर सरळ स्टेट मशीनमध्ये (ठरावीक अवस्थांमधून पुढे सरकणाऱ्या सर्किटमध्ये) घातली की एकच बदल काही फ्लॉपना आत्ताच्या क्लॉकला दिसतो आणि काहींना पुढच्या. मशीन अशा अवस्थेत जातं जी तुम्ही लिहिलेलीच नाही.

यावर 'पण डिफॉल्ट लिहिलाय ना' हे उत्तर हमखास येतं. इथे योसिसची एक खोड माहीत हवी. तो स्टेट मशीन ओळखतो, त्याच्या अवस्था आपल्या पद्धतीने पुन्हा कोड करतो, लहान मशीन सहसा वन-हॉट (एका वेळी एकच बिट एक) करतो. तुमच्या 'डिफॉल्ट'पर्यंत नियमाने पोचायचा रस्ताच नाही हे त्याला दिसतं, आणि तो भाग तो उडवून टाकतो. मग एकाच वेळी दोन बिट एक झाले, किंवा सगळे शून्य झाले, तर सोडवायला कुणी नाही. लॉगमध्ये 'फाउंड एफएसएम स्टेट रजिस्टर' ही ओळ शोधा (एफएसएम म्हणजे स्टेट मशीनच). ती असेल तर तुमचं मशीन बदललं गेलेलं असू शकतं.

याहून वैतागवाणं पुढे आहे. नक्की कुठे अडकतं हे बघायला स्टेटचे बिट एलईडीवर आणले की दोष नाहीसा होतो. एलईडी काढले की परत येतो. भूतबाधा नाही ही. रजिस्टर बाहेरच्या पोर्टला जोडलेलं असेल तर योसिस त्याला एफएसएम मानत नाही आणि हात लावत नाही. म्हणजे तपासायला गेलात तेव्हा सर्किटच दुसरं झालं. तपासताना स्टेट रजिस्टरवर 'एफएसएम एन्कोडिंग' हा ॲट्रिब्यूट 'नन' ठेवा, म्हणजे एलईडी असो वा नसो, मशीन तेच राहील. पण याला इलाज समजू नका. इलाज सिंक्रोनायझर हाच.

बटणासाठी क्रम असा: आधी दोन फ्लॉप, मग डिबाउन्स (दाबताना होणारी थरथर गाळणं), मग कडा ओळखणं. डिबाउन्सला १८ बिटांचा काउंटर घ्या. १२ मेगाहर्ट्झवर तो २१.८ मिलिसेकंदांत भरतो, साध्या टॅक्ट स्विचला हे भरपूर आहे. सिग्नल बदलला की काउंटर शून्य. भरला तरच नवी किंमत मान्य. क्रम उलटा करून डिबाउन्सनंतर सिंक्रोनायझर लावला तर काउंटरच बिघडतो.

बसमधून एकापेक्षा जास्त बिट आत येत असतील, तर प्रत्येक बिटाला स्वतंत्र सिंक्रोनायझर लावून भागत नाही. बिट वेगवेगळ्या क्लॉकला पोचतात आणि मधेच एक खोटा आकडा दिसतो. एक 'डेटा तयार' सिग्नल सिंक्रोनाइझ करा आणि डेटा तोवर स्थिर ठेवा.

इको देणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एचसी-एसआर०४, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हटकून असतो. त्याचा इको पिन ५ व्होल्ट देतो, आणि आइस४०च्या पिनची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट आहे. पहिल्या दिवशी चालेल. पुढे पिन हळूच मरेल आणि दोष कोडात शोधला जाईल. १.८ आणि ३.३ किलोओहमचा डिव्हायडर लावा, ३.२४ व्होल्ट मिळतील. आणि हो, उन्हाचा खरा परिणाम बघायचा असेल तर तो इथे आहे. ५८ मायक्रोसेकंदांना एक सेंटीमीटर हे गणित साधारण २० अंशांच्या हवेचं. ४५ अंशांना आवाज सेकंदाला ३५८ मीटरच्या आसपास धावतो, आणि एक मीटरवरची भिंत ९६ सेंटीमीटरवर दिसते. दुपारी रीडिंग कमी येतंय म्हणून चिप बदलू नका, गुणक बदला.

कूलर लावला की अडतं

हे हसण्यावारी नेऊ नका. बटण ब्रेडबोर्डवर, तिथून बोर्डापर्यंत फूटभर लांब जंपर, आणि पुलअप (मोकळ्या पिनला एकवर ओढून धरणारा रेझिस्टर) फक्त चिपच्या आतला. तो कमजोर असतो. त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर कूलरची मोटर किंवा पंप चालू-बंद झाला की त्या मोकळ्या लांब वायरीवर धक्का बसतो, आणि चिपला बटण दाबल्यासारखं वाटतं. परीक्षा सोपी: जंपर बोर्डाच्या टोकाला उपसा, बोर्डावरच तो पिन १० किलोओहमने ३.३ व्होल्टला बांधा आणि कूलर चार-पाच वेळा चालू-बंद करा. आता अडत नसेल तर वायर दोषी.

कायमचा इलाज म्हणजे तोच १० किलोओहमचा पुलअप चिपच्या टोकाला, पिन आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि सिग्नलच्या वायरीला पीळ घालून सोबत ग्राउंडची वायर. पुलअप आणि कपॅसिटर या दोघांचा टाइम कॉन्स्टंट एक मिलिसेकंद येतो. धक्का गिळतो, बटणाला उशीर करत नाही. यूआर्टच्या लाइनवर मात्र हा कपॅसिटर लावू नका, ११५२०० बॉडचा एक बिट जेमतेम ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो. यूपी५केवर पीसीएफमधूनच १० किंवा ३.३ किलोओहमचा आतला पुलअप मागता येतो, एचएक्सवर तो निवडायची सोय नाही. नागपूरच्या बर्डी बाजारातून स्वस्तातले जंपर आणले असतील तर ते एकदा हलवूनही बघा. टोकाला दाबलेली पिन सुटलेली असते आणि बाहेरून कळत नाही.

भलतीच ओळ बदलली आणि वागणं बदललं

एलईडीचा वेग बदलला आणि एसपीआय बंद पडलं. कोडात दोघांचा संबंध नाही. पण जागांची मांडणी बदलली, वायरींची लांबी बदलली, आणि आधीच काठावर असलेलं काहीतरी कोसळलं.

नेक्स्टपीएनआर तीच फाइल, तीच आवृत्ती आणि तोच सीड (मांडणीची सुरुवात ठरवणारा आकडा) असेल तर दरवेळी तेच बिटस्ट्रीम देतो. याचाच फायदा घ्या. योसिसची जेसॉन फाइल तशीच ठेवून 'सीड' १ ते १० असे दहा बिल्ड करा आणि प्रत्येक बोर्डावर चालवा. दहाही सारखेच चुकत असतील तर दोष लॉजिकमध्ये किंवा पिनांमध्ये. काही चालतात आणि काही नाही, तर टायमिंग किंवा दोन क्लॉकांमधली सीमा. दहा बिल्डला एचएक्स१केवर चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही.

टायमिंगचा 'पास' वाचताना त्याच्यापुढचा आकडाही वाचा. 'पास ॲट १२ मेगाहर्ट्झ' आणि तुमची क्लॉक ४८ची, तर तो पास कामाचा नाही. वेग सांगितला नाही तर नेक्स्टपीएनआर १२च धरून चालतो. 'फ्रीक' पर्यायाने किंवा पीसीएफमध्ये 'सेट फ्रिक्वेन्सी'ने खरा वेग द्या. लॉगमध्ये कमाल वेग दोनदा येतो: प्लेसमेंटनंतरचा अंदाज आणि राउटिंगनंतरचा खरा. दुसरा धरा. एचएक्सवर आरामात बसलेला ४८ मेगाहर्ट्झचा कोड यूपी५केवर बसेलच असं नाही, ती चिप कमी विजेसाठी बनवलेली आणि बरीच मंद आहे. 'टायमिंग अलाउ फेल' हा पर्याय मेकफाइलमध्ये कुणी चिकटवून ठेवलाय का, तेही बघा. तसंच 'पीसीएफ अलाउ अनकन्स्ट्रेन्ड': तो असेल तर विसरलेल्या पोर्टला टूल मनाला येईल तो पिन देतं, आणि दर सीडला वेगळा.

टायमिंग पास, वेग बरोबर, तरी सीडनुसार वागणं बदलतं? मग काउंटरच्या बिटाला क्लॉक म्हणून वापरलंय का ते शोधा. 'काउंट २०च्या चढत्या कडेला' असा ऑलवेज ब्लॉक सिम्युलेशनमध्ये निर्दोष दिसतो. चिपमध्ये ग्लोबल बफर (क्लॉक सगळीकडे जवळपास एकाच क्षणी पोचवणारे रस्ते) आठच आहेत. ती क्लॉक साध्या वायरींवरून गेली तर शेजारच्या दोन फ्लॉपना वेगवेगळ्या क्षणी पोचते. एकच क्लॉक ठेवा आणि काउंटर भरला की एका क्लॉकपुरता 'एनेबल' द्या. आइस४०च्या फ्लॉपला एनेबलचा पिन आहेच, जादा लॉजिक जवळपास लागत नाही.

तासभर चालून मग अडतं

इथे एक गोष्ट आधी ठरवायची: चिप अडकली, की ती मधेच नव्याने सुरू झाली? यासाठी डिझाइनमध्ये एक हजेरीचा दिवा ठेवा. २४ बिटांचा काउंटर सुरू होतो, भरेपर्यंत (१२ मेगाहर्ट्झवर १.४ सेकंद) एक एलईडी पेटलेला, मग कायमचा बंद. रीसेटच्या बटणाला तो जोडायचा नाही. आइसब्रेकरवर एलईडी शून्याला पेटतो, तेवढं उलटं करा. तासाभराने दोष आला तेव्हा हा दिवा पुन्हा पेटला असेल, तर पॉवर खाली जाऊन चिपने फ्लॅशमधून पुन्हा कॉन्फिगरेशन घेतलं आहे. केबल बदला, यूएसबी हब काढा, सर्वो किंवा रिले बोर्डाच्या ५ व्होल्टवर असेल तर त्याला वेगळा सप्लाय द्या आणि फक्त ग्राउंड एक करा. मल्टिमीटरवर ३.३ व्होल्ट ठीक दिसणं पुरेसं नाही, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही.

दिवा पेटला नसेल तर चिप जागीच अडकली आहे. मग हा तोच बटण-सेन्सरवाला दोष, फक्त सवडीने येणारा. सिंक्रोनायझर नसलेला प्रत्येक इनपुट पुन्हा मोजा. नेक्स्टपीएनआरच्या लॉगमध्ये शेवटी 'असिंक'पासून क्लॉकपर्यंतच्या डिलेची ओळ असते. तिच्याखालच्या तपशिलात ज्या पोर्टचं नाव येतं आणि ज्याच्यासाठी दोन फ्लॉप लिहिल्याचं आठवत नाही, तिथून सुरुवात करा.